केशवाहिनीचे गणित : एका रूपकाचा इतिहास

मराठी शास्त्रीय गद्याने रक्तवाहिन्यांना दिलेली नावे मोठी सुंदर आहेत. हृदयाकडून शरीराकडे जाणारी ती रोहिणी, शरीराकडून हृदयाकडे परतणारी ती नीला. एक तांबडी, दुसरी निळी. (फुप्फुसांच्या फेऱ्यात हे रंग उलटे पडतात, आणि नीलेतले रक्तही प्रत्यक्षात काळपट तांबडेच असते, पण त्वचेखालून ती निळी दिसते, एवढे नावाला पुरते.) शाळेत ही जोडी पाठ करताना एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, तो असा की तांबड्याचे निळे होते कोठे? ते जिथे होते त्या जागेला आपण केशवाहिनी म्हणतो. लॅटिन भाषेतील केसाच्या नावावरून युरोपीय भाषांनी तिचे नाव घडवले आणि मराठीने ते आपल्या 'केशा'त आणले. कवीच्या उपमेवर अतिशयोक्तीचा आरोप नेहमी होतो. इथे उलटे झाले आहे. ही वाहिनी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही अरुंद असते, आणि एका केसाच्या जाडीत अशा आठदहा वाहिन्या शेजारी शेजारी मावतील.

या वाहिनीतून रक्त कसे वाहते आणि तिथून ऑक्सिजन पेशींपर्यंत कसा पोचतो, याचे गणिती प्रतिमान कसे घडत गेले, हा या लेखाचा विषय आहे. साहित्याच्या अध्यापकांनी या वाटेला का जावे, असे वाचक विचारतील. आमचे उत्तर असे की, शास्त्रज्ञ प्रतिमान उभारतो तेव्हा तो प्रथम एक रूपक करतो : ही वाहिनी म्हणजे नळी, हा स्नायू म्हणजे नळकांडे. मग कवी जे करत नाही ते तो करतो, त्या रूपकाला आकडे विचारतो. रूपकात उपमानाचे काही धर्म घेतले जातात आणि बाकीचे गाळले जातात, हे आपण अलंकार शिकवताना सांगतोच. मुखाला चंद्र म्हटले की चंद्रावरचा डाग आपण विसरतो, आणि त्या विसरण्याने कोणाचे नुकसान होत नाही. प्रतिमानातही गाळावेच लागते. न गाळता प्रतिमान होतच नाही. पण तिथे गाळलेली गोष्ट कधी ना कधी आकड्यांतून तक्रार करू लागते. केशवाहिनीच्या गणिताचा इतिहास आम्हाला अशा तक्रारींचा इतिहास वाटतो, आणि त्यांतली एक तक्रार विदर्भातून व सातपुड्यातून आलेली आहे.

पहिले रूपक पाटबंधाऱ्याचे आहे, आणि ते आपल्याकडचे आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सातशे शिरांचे वर्णन येते, आणि त्या शिरा शरीराला कशा पोसतात हे सांगण्यासाठी बागेला पाणी देणाऱ्या नाल्यांचा व शेताला भिजवणाऱ्या पाटांचा दृष्टान्त दिलेला आहे. सुश्रुताच्या शिरा-धमन्या म्हणजे आजच्या नीला-रोहिणी असा अर्थ लावण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा हे बरे; त्या संहितेत रक्ताचे अभिसरण नाही. पण दृष्टान्त मात्र विलक्षण नेमका आहे. पाटाचा हेतू वाहणे हा नसतोच, भिजवणे हा असतो. पाणी पाटातून किती वेगाने गेले यापेक्षा वाफ्याच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत ओल पोचली की नाही, हे शेतकरी पाहतो. युरोपीय शरीरशास्त्राला हा दुसरा प्रश्न गणिताने विचारायला विसावे शतक उजाडावे लागले. तोवर तिथे सगळा भर वाहण्यावर होता. विल्यम हार्वीने १६२८ मध्ये अभिसरणाचा सिद्धान्त मांडला तेव्हा रोहिणीतून नीलेत रक्त जाते कसे, ते त्याला दाखवता आले नव्हते. ते १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पाट सापडले होते. पाण्याचा हिशेब बाकी होता.

आता थोडे आमच्या परिसराकडे वळतो, कारण प्रवाहाचे प्रतिमान म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. आम्ही राहतो त्या वारज्याला मुठा नदी लागून आहे. नदीच्या वरच्या अंगाला शिवणे, उत्तमनगर ओलांडून गेले की खडकवासल्याचे धरण लागते, आणि त्या धरणाच्या आसऱ्याने केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र उभे आहे. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ मध्ये सिंचनाच्या पद्धती सुधारण्यासाठी एक विशेष विभाग काढला, त्यातून ही संस्था वाढली. क्लॉड इंग्लिस हे तिचे पहिले संचालक. नद्या आणि कालव्यांच्या वर्तनावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९४९ मध्ये याच संस्थेने प्रकाशित केला. नदीची किंवा बंदराची छोटी प्रतिकृती बांधायची, तिच्यातून पाणी सोडायचे आणि पूर आल्यावर, बांध घातल्यावर काय होईल ते आधीच पाहायचे, हे तिथले काम.

या प्रतिकृतींमध्ये एक गोष्ट मुद्दाम खोटी ठेवलेली असते. समजा, तीन मीटर खोलीची नदी सर्व बाजूंनी हजारपट लहान केली, तर पाण्याची खोली उरेल तीन मिलिमीटर. एवढ्या पातळ थरात पाणी नदीसारखे वागतच नाही. ते तळाला चिकटते, ओघळते, भोवरे धरत नाही. म्हणून लांबी-रुंदी जितकी आटवतात तितकी खोली आटवत नाहीत. प्रतिकृती बेढब होते, पण तिच्यातले पाणी नदीसारखे वाहते. मापात खोटी असलेली प्रतिकृती वागण्यात खरी ठरते, हे वास्तववादावर व्याख्याने देणाऱ्या आम्हा मंडळींना विचार करायला लावणारे आहे.

केशवाहिनीकडे जायचे तर हीच वाट उलट चालावी लागते. खडकवासल्याचा अभियंता ज्या पातळ थराला टाळतो, त्या थराच्याही पलीकडे, आणखी कितीतरी पट लहान व्हायचे. मोठ्या प्रवाहात पाण्याचा स्वतःचा रेटा वरचढ असतो. लहानात श्यानता, म्हणजे साध्या भाषेत चिकटपणा, वरचढ होते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ मध्ये या दोहोंचे गुणोत्तर एका अंकात बांधले. नदीत हा अंक लाखांच्या घरात जातो. केशवाहिनीत रक्त सेकंदाला मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी सरकते आणि तिथे हा अंक एकाच्या हजाराव्या भागाजवळ येतो. त्या जगात भोवरे नाहीत, खळखळाट नाही, रेटाच नाही. मागून ढकलणे थांबले की त्याच क्षणी वाहणेही थांबते.

अशा प्रवाहाचा मूळ नियम दोन माणसांना स्वतंत्रपणे सापडला, आणि त्यांचे व्यवसाय लक्षात ठेवण्यासारखे आहेत. गॉटहिल्फ हागेन हा प्रशियातला जलबांधकामाचा अभियंता होता. त्याचे प्रयोग १८३९ मध्ये प्रसिद्ध झाले. झाँ लेओनार मारी प्वाझय हा पॅरिसचा वैद्य. त्याचे १८४० पासून पुढे. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असते, असे दोघांच्याही मोजमापांतून निघाले. त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह सोळाव्या भागावर येतो. त्रिज्येत दहा टक्के घट झाली तरी प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने आटतो. रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू किंचित आवळला की एखाद्या अवयवाचा पुरवठा एवढा कसा बदलतो, हे कोडे या एका आकड्याने सोडवले.

प्वाझयची गोष्ट इथे संपत नाही. त्याला रक्ताचा नियम हवा होता, पण त्याने प्रयोग केले ते शुद्ध पाण्यावर आणि इतर साध्या द्रवांवर, केसाहूनही बारीक काचनळ्या घेऊन. रक्त नळीत गोठते, ही अडचण होतीच. पण या प्रयोगांच्या आधीच त्याने जिवंत बेडकाच्या सूक्ष्म वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळल्या होत्या. तांबड्या पेशी मध्यावरून जातात आणि भिंतीलगत पेशीविरहित द्रवाचा एक स्वच्छ पट्टा राहतो, हे त्याने पाहून लिहून ठेवले होते. म्हणजे रक्त हे पाण्यासारखे एकजीव नाही, हे त्या काळात ज्या मोजक्या लोकांना ठाऊक होते त्यांतलाच तो एक. आणि नियम बांधताना त्याने तेच गाळले. ही चूक नव्हे. ते गाळले नसते तर चौथा घात हाती लागला नसता. पण त्याचे नाव नियमाला चिकटले आणि त्याने पाहिलेला पट्टा मात्र पुढची कित्येक दशके मागे पडला.

पाटाचा प्रश्न, म्हणजे ओल कुठवर पोचते हा प्रश्न, गणिताने विचारला तो कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग याने, १९१९ मध्ये. क्रोग हा क्रिस्तियान बोर या शरीरशास्त्रज्ञाचा शिष्य. (अणूवाले नील्स बोर हे क्रिस्तियानचे चिरंजीव.) फुप्फुसे ऑक्सिजन 'स्रवतात' असे गुरूचे मत होते. क्रोग आणि त्याची वैद्य पत्नी मारी यांनी १९१० च्या सुमारास ते खोडून काढले : ऑक्सिजनला कोणी ढकलत नाही, तो दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरतो. या पसरण्याला विसरण म्हणतात, आणि त्याचा स्वभाव फार चमत्कारिक आहे. जवळच्या अंतरावर ते चपळ असते आणि लांबच्या अंतरावर कमालीचे आळशी. अंतर दहापट केले तर वेळ शंभरपट लागतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे अंतर ऑक्सिजन सेकंदाच्या लहानशा अंशात ओलांडतो. तोच एक सेंटिमीटर जायचा तर काही तास लागतील. शरीराला एवढ्या प्रचंड संख्येने केशवाहिन्या का लागतात, याचे उत्तर या आळसात आहे. पाट जवळ नसेल तर वाफा वाळणारच.

क्रोगने स्नायूचे आडवे छेद घेऊन त्यांतल्या केशवाहिन्या मोजल्या आणि मग एक चित्र काढले. प्रत्येक केशवाहिनी सरळ आहे, शेजारणीला समांतर आहे, आणि तिच्याभोवती स्नायूचे एक गोल नळकांडे आहे. त्या नळकांड्याला ऑक्सिजन पुरवण्याची जबाबदारी फक्त तिची. शेजारच्या नळकांड्याशी देवघेव नाही. स्नायू सगळीकडे सारख्याच दराने ऑक्सिजन खर्च करतो. एवढे मान्य केले की वाहिनीच्या भिंतीपासून नळकांड्याच्या कडेपर्यंत ऑक्सिजनचा दाब किती उतरेल, हे एका समीकरणात मांडता येते. ते समीकरण क्रोगला आग्नर क्रारुप एर्लांग या गणितज्ञाने सोडवून दिले. एर्लांग नोकरीला होता कोपनहेगन टेलिफोन कंपनीत. किती जोडण्या ठेवल्या म्हणजे फोन करणाऱ्याला सगळ्या लाइन गुंतलेल्या सापडण्याची वेळ क्वचितच येईल, या प्रश्नावर त्याने १९०९ ते १९१७ या काळात पायाभूत काम केले होते. दोन्हींचे गणित अगदी निराळे आहे. पण किती वाटा उघड्या ठेवल्या म्हणजे कोणी ताटकळणार नाही, हा प्रश्न त्याला परका नव्हता, असे आम्हाला वाटते. जाणकार त्या समीकरणाला क्रोग-एर्लांग समीकरण म्हणतात, पण चित्र क्रोगच्या एकट्याच्या नावाने चालते. कोणत्याही पाठ्यपुस्तकात 'क्रोगचे नळकांडे' भेटते. टेलिफोनवाल्याचे नाव तिथे शोधावे लागते.

समीकरणाने जे सांगितले ते अनपेक्षित होते. सगळ्या केशवाहिन्या उघड्या आहेत असे धरले, तर जोरात काम करणाऱ्या स्नायूलाही ऑक्सिजनचा अगदी थोडा दाब पुरेसा ठरत होता, आणि स्वस्थ स्नायूत तर तो उतार जवळजवळ शून्यच निघत होता. मग क्रोगने तर्क केला की स्वस्थ स्नायूत बहुतेक वाहिन्या बंद असाव्यात आणि काम वाढेल तशा त्या उघडत असाव्यात. ते पडताळण्यासाठी त्याने जिवंत प्राण्यांच्या रक्तात काळी शाई सोडली, युरोपात जिला 'इंडियन इंक' म्हणतात ती. स्वस्थ स्नायूत थोड्याच वाहिन्या काळ्या झाल्या, काम केलेल्या स्नायूत पुष्कळ. आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर स्नायूत कोणीतरी दारे धरत होते. पाण्याला आवर्तन होते. या शोधासाठी क्रोगला १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे जे घडले त्याने इतिहासलेखकाला सावध करावे. स्वस्थ स्नायूतल्या बहुसंख्य केशवाहिन्या बंद असतात, या मताला नंतरच्या संशोधकांनी गंभीर आक्षेप घेतले. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत स्नायू अधिक चांगला पाहता येऊ लागला तेव्हा बहुतेक वाहिन्यांतून रक्त आधीपासूनच वाहताना आढळले. कामाच्या वेळी मुख्यतः वाढतो तो पेशींचा वेग आणि त्यांची संख्या, असे ते म्हणतात. वाद पुरता मिटलेला नाही. म्हणजे ज्या शोधाला नोबेल मिळाले तो वादात, आणि त्या शोधाकडे नेणारे, उघडउघड खोटे असलेले नळकांड्याचे चित्र मात्र शंभर वर्षांनंतरही वर्गात उभे. आमच्या मते यात अन्याय नाही. चित्र टिकले, कारण ते कुठे खोटे आहे हे त्याने पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगितले होते.

त्या चित्रातला एक कोपरा आम्हाला विशेष वाटतो. केशवाहिनीच्या सुरुवातीला रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, शेवटाकडे तो आटतो. नळकांड्याच्या शेवटच्या टोकाला, वाहिनीपासून सर्वांत लांबच्या कडेला जी पेशी आहे, तिच्यापर्यंत सर्वांत शेवटी आणि सर्वांत थोडे पोचते. पुरवठा तुटला तर प्रथम तीच मरते. इंग्रजी ग्रंथ या जागेला प्राणघातक कोपरा म्हणतात. मराठीत आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आहे : टेल. खडकवासल्याचा उजवा कालवा पुण्यातून निघून हवेली, दौंड करत इंदापूरपर्यंत जातो, आणि टेलला पाणी पोचत नाही ही तक्रार कालव्यांच्या मुलखात कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

कालव्याचे हे रूपक पुढेही उपयोगी पडले असते. १९७० मध्ये डलिंग आणि बर्न यांनी ऑक्सिजन मोजणारे अतिसूक्ष्म टोक वाहिन्यांच्या बाहेरच्या अंगाला लावून दाखवले की, केशवाहिनीपर्यंत पोचण्याआधीच, तिच्याआधीच्या बारीक रोहिण्यांतूनच ऑक्सिजन मोठ्या प्रमाणात झिरपून जातो. कालव्याची गळती ज्याने पाहिली आहे त्याला यात नवल वाटणार नाही; शरीरशास्त्रज्ञांना वाटले, कारण ऑक्सिजनची देवघेव फक्त केशवाहिनीतच होते असे क्रोगच्या चित्राने त्यांना शिकवले होते.

पण एका जागी कालव्याचे रूपक मोडते. पाणी स्वतःच पाणी असते. ऑक्सिजन मात्र वाहनात बसून येतो. शंभर मिलिलिटर रक्तात सुमारे वीस मिलिलिटर ऑक्सिजन मावतो, आणि त्यातला द्रवात नुसता विरघळलेला असतो तो जेमतेम एक तृतीयांश मिलिलिटर. बाकी सगळा तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला धरून असतो. ही पेशी आठ सहस्रांश मिलिमीटर रुंद, आणि तिला पाच सहस्रांशांच्या वाहिनीतूनही जायचे असते. ती जाते, कारण ती मऊ असते; छत्री मिटावी तशी मिटून, एकामागे एक, ती त्या बोळातून सरकते. प्वाझयने गाळलेली पेशी इथे परत आली. स्वीडनचे फोरेउस आणि लिंडक्विस्ट यांनी १९३१ मध्ये दाखवले की नळी मिलिमीटरच्या तीन दशांशांहून अरुंद झाली की रक्त जणू पातळ होत जाते, कारण पेशी मध्याकडे सरतात आणि भिंतीलगतचा तोच स्वच्छ पट्टा वंगणासारखा काम करतो. नळी पेशीहूनही अरुंद झाली की मात्र रोध झपाट्याने वाढतो. १९५९ मध्ये कॅसन याने छपाईच्या शाईच्या प्रवाहासाठी एक समीकरण मांडले. शाईत रंगाचे कण असतात आणि ते एकमेकांना धरून राहतात. रक्तात पेशीही तेच करतात, म्हणून शाईचे समीकरण रक्ताला लावले गेले. (काळ्या शाईनंतर रक्ताच्या इतिहासात शाई अशी दुसऱ्यांदा येते, लेखनावर जगणाऱ्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.) १९६८ मध्ये जेम्स लाइटहिल यांनी अरुंद नळीत घट्ट बसणाऱ्या मऊ गोळीचे गणित केले. १९७७ मध्ये हेलम्स यांनी हिशेब मांडला की पेशी सुट्या सुट्या येतात एवढ्यानेच ऑक्सिजनच्या वाटेत मोठा अडथळा उभा राहतो, आणि क्रोगच्या चित्रात तो अडथळा मुळीच नव्हता.

ही सर्व प्रतिमाने एक गोष्ट गृहीत धरून होती. पेशी मऊ आहे आणि मऊच राहणार. ऑक्सिजन उतरवून दिल्यावर वाहनच बदलून जाईल, ही शक्यता कोणत्याही समीकरणात नव्हती. ती माणसांत मात्र होती.

शिकागोच्या जेम्स हेरिक या वैद्याने १९१० मध्ये एका तरुण रुग्णाच्या रक्तातल्या विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. १९२७ मध्ये कळले की ऑक्सिजन कमी झाला की पेशी असा आकार घेतात. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूचाच विकार असल्याचे दाखवले. काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम याने दोष नेमका शोधला : एका साखळीतल्या सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेले आहे. आमच्या भाषेत, संहितेतील एका अक्षराचा पाठभेद. भारतात हा विकार १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये नोंदला गेला. महाराष्ट्राचा उल्लेख यायला फार काळ लागला नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातील नोंद प्रसिद्ध केली. पुण्याचा या इतिहासातला वाटा सुदाम काटे यांचा आहे. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे हडपसरच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळात त्यांनी या एका विकारावर कित्येक दशके काम केले, आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या आणि लिंगोजवार यांच्या २००२ मधील निबंधात महाराष्ट्राचा नकाशा स्पष्ट होतो. विदर्भाचे जिल्हे, उत्तरेकडे सातपुड्याची रांग आणि मराठवाड्याचा काही भाग यांत हा विकार आहे. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही जमातींत वाहकांचे प्रमाण शंभरात वीस ते पस्तीसपर्यंत जाते. तिथे या विकाराला दात्रपेशी वगैरे कोणी म्हणत नाही. 'सिकलसेल' हाच तिथला शब्द.

आता केशवाहिनीत काय होते ते पाहा. पेशी ऑक्सिजन उतरवते. उतरवताच आतल्या बदललेल्या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर वळू लागतात आणि पेशी ताठ होते. ताठ पेशी बोळात अडकते, मागच्या खोळंबतात. खोळंबल्या की त्या कमी ऑक्सिजनच्या जागी अधिक वेळ राहतात, म्हणून त्याही ताठ होतात. वाहणे आणि भिजवणे हे दोन प्रश्न शास्त्राने इतकी वर्षे वेगळे हाताळले होते. इथे ते एकमेकांच्या गळ्यात पडले. हाडांत, छातीत, पोटात उठणाऱ्या ज्या वेदनांनी रुग्ण तळमळतो, त्या टेलला पाणी न पोचल्याच्या वेदना आहेत.

या कोड्यातला कळीचा आकडा हॉफ्रिख्टर, रॉस आणि ईटन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत दिला. ऑक्सिजन गेल्यावर दोर लगेच वळले जात नाहीत. मध्ये काही काळ काहीच घडत नाही, आणि मग एकदम सगळे घडते. या मधल्या काळाला त्यांनी विलंबकाळ म्हटले. पेशीला केशवाहिनीतून जायला साधारण सेकंदभर लागतो. विलंबकाळ त्याहून मोठा असेल तर पेशी ताठ होण्याआधीच बाहेर पडते, फुप्फुसात जाऊन पुन्हा ऑक्सिजन घेते आणि बचावते. लहान असेल तर अडकते. सगळा खेळ या शर्यतीचा आहे. बहुतेक पेशी ती जिंकतात म्हणूनच रुग्ण जगतो, हे याच गटाने १९८७ मध्ये दाखवले. आणि हा विलंबकाळ अवलंबून असतो पेशीतल्या दोषी हिमोग्लोबिनच्या दाटपणावर, त्याच्या सुमारे तिसाव्या घातावर. प्वाझयच्या चौथ्या घाताने आपण चकित झालो होतो. इथे दाटपणा पाच टक्क्यांनी कमी झाला तर विलंब चौपटीहून अधिक वाढतो.

औषधाचा मार्गही याच आकड्यातून उलगडतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध घेतले की शरीर गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा बनवू लागते. ते दोरात सामील होत नाही, त्यामुळे दोषी हिमोग्लोबिन विरळ होते आणि पेशीला सुटायला वेळ मिळतो. अमेरिकेतील मोठ्या चाचणीत १९९५ मध्ये त्याचा उपयोग सिद्ध झाला. भारतीय रुग्णांत हे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मुळातच काहीसे जास्त आढळते, म्हणून इथला विकार सौम्य, असे पूर्वी सरसकट म्हटले जाई. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी नोंदवलेला अनुभव इतका दिलासा देणारा नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू केली, २०४७ पर्यंत या विकाराचे उच्चाटन करण्याच्या उद्दिष्टाने. तिचा पहिला भर तपासणीवर आहे.

तिसावा घात उलट्या दिशेनेही तितकाच कठोर असतो. शरीरातले पाणी कमी झाले की पेशीतलेही कमी होते, हिमोग्लोबिन दाटते आणि विलंबकाळ कोसळतो. म्हणून डॉक्टर प्रत्येक रुग्णाला सांगतात की भरपूर पाणी प्या, उन्हात फार राबू नका. सल्ला अचूक आहे, आणि त्यामागे सव्वाशे-दीडशे वर्षांचे गणित उभे आहे. तो सल्ला ऐकून घरी परतणारी नंदुरबारकडची बाई उन्हाळ्यात डोंगर उतरून हंडा भरते आणि तो डोक्यावर घेऊन पुन्हा डोंगर चढते. ऊसतोडीच्या हंगामात ती दुसऱ्याच्या मुलखात, दुसऱ्याच्या पाटाकाठी असते. दाटपणा, वेग, त्रिज्या, दाब या सगळ्यांना समीकरणात अक्षरे आहेत. तिच्या घरापासून पाणवठ्याच्या अंतराला अजून अक्षर मिळालेले नाही.